फुल एचडी की फोर-के, तीस की साठ : पैसे कशावर लावायचे?

नागपुरात बर्डीवर टीव्ही बघायला गेलात की दुकानातल्या भिंतीवरचे सगळे पडदे तेच ते दाखवत असतात. पोपटाचं पीस न् पीस, मधाची संथ धार, कापलेलं कलिंगड. "भाऊ, फोर-के आहे, फरक दिसून राहिला ना?" असं दुकानदार विचारतो आणि आपण मान डोलावतो. फरक खरंच दिसतो. ती फीत त्यासाठीच केलेली असते, टीव्ही सगळ्यात भडक सेटिंगवर असतो आणि आपण पडद्यापासून तीन फुटांवर उभे असतो. घरी तोच टीव्ही आपण आठ-नऊ फुटांवरून, दिवाणावर लोडाला टेकून, खिडकीतल्या कूलरच्या घरघरीत बघणार असतो. आणि मधाची धार तर कोणीच बघणार नसतो.

पिक्चर आणि गेम या दोन्हींसाठी चांगल्या चित्रावर जास्तीचे पैसे घालावेत का, या विचारात जे अडकलेत त्यांच्यासाठी हा आढावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हापासून आमच्या ओळखीपाळखीत "आता मोठाच घेऊन टाकू" असं म्हणणारे वाढलेत. घ्या, पण कशाचे पैसे देतोय ते कळून घ्या.

माझं मत आधीच सांगून टाकतो. "चित्र चांगलं" यात चार वेगळ्या गोष्टी येतात : पडद्यावर ठिपके किती, काळोख आणि उजेड यांच्यात अंतर किती, रंग किती खरे, आणि सेकंदाला चित्रं किती. खोक्यावर पहिली गोष्ट सगळ्यात ठळक छापलेली असते. मजेच्या हिशेबात मी तिला सगळ्यात खाली ठेवतो. पिक्चरसाठी काळोख-उजेड पहिला, गेमसाठी सेकंदाची चित्रं पहिली. आता हे का, ते बघू.

ठिपके : फुल एचडी विरुद्ध फोर-के

फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, सुमारे २०.७ लाख ठिपके. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख. बरोबर चौपट. पण डोळ्याला चौपट दिसतं का, हे ठिपक्यांवर कमी आणि तुमची खुर्ची कुठे आहे यावर जास्त ठरतं.

६/६ नजरेचा माणूस साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढं बारीक ओळखू शकतो, हा डोळ्याच्या डॉक्टरांचा जुना हिशेब. त्याने गणित मांडलं तर ४३ इंची फुल एचडी टीव्हीचे ठिपके साडेपाच फुटांच्या पलीकडून वेगळे दिसेनासे होतात. ५५ इंचीचे सात फुटांच्या पलीकडून आणि ६५ इंचीचे साडेआठ फुटांच्या पलीकडून. त्या पलीकडे बसलात तर फोर-केचे जादाचे ठिपके तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत.

हा हिशेब जरा कंजूष आहे, हेही खरं. केंब्रिज विद्यापीठ आणि मेटाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये मोजमाप करून दाखवलं की काळ्या-पांढऱ्या बारकाव्यांमध्ये सरासरी डोळा अंशाला साठ नाही, ९४ ठिपक्यांपर्यंत फरक ओळखतो. रंगांत मात्र तो कमी पडतो, पिवळ्या-जांभळ्यात तर फारच. म्हणजे माझे वरचे फूट थोडे वाढवून घ्या. पण त्याच संशोधकांनी काढलेला निष्कर्ष असा की अडीच मीटरवरून, म्हणजे सव्वाआठ फुटांवरून, ४४ इंची टीव्ही बघताना फोर-के किंवा एट-केचा काही जादा फायदा नाही. फुल एचडी आणि फोर-के यांच्या मधली क्वाड एचडी तिथे पुरते.

आता आपल्याकडची घरं बघा. प्रतापनगर, त्रिमूर्तीनगरातल्या जुन्या फ्लॅटचा हॉल दहा बाय बारा, फार तर बारा बाय पंधरा. टीव्ही एका भिंतीला, दिवाण समोरच्या भिंतीला. बसणाऱ्याचे डोळे पडद्यापासून आठ-नऊ फुटांवर येतात. तिथे ४३ इंचांवर फोर-के असो नसो, काही अडत नाही. ५५ वर पाट्यांची अक्षरं आणि गर्दीतले चेहरे किंचित साफ दिसतात. ६५ वर फरक पडतो.

यात एक गंमत आहे. ४३ इंचांच्या वर फुल एचडी टीव्ही शोधूनही फारसा मिळत नाही, सगळे फोर-केच. त्यामुळे "फोर-के घेऊ का" हा प्रश्न दुकानात पोचेपर्यंत निकालात निघालेला असतो. खरा प्रश्न उरतो तो असा : त्याच पैशात मोठा पण साधा, की लहान पण चांगल्या पॅनेलचा?

एट-केचं दोन ओळींत आटपतो. २०२० मध्ये वॉर्नर ब्रदर्सने १३९ जणांना ८८ इंची पडद्यावर फोर-के आणि एट-के आलटूनपालटून दाखवलं, कोणतं कोणतं ते न सांगता. बहुतेकांना फरक कळला नाही. पुढे जाऊ.

पण आत येतंय काय?

नळाला पाणी नसेल तर तोटी पितळेची लावून काय उपयोग. टीव्ही फोर-के घेतला आणि घरात बघितलं जातं ते डिशवरचं साधं एसडी चॅनेल, तर त्यात उभ्याने ५७६ रेषा असतात आणि टीव्ही त्या ताणून २१६० करतो. ४३ इंचांवर ते चालून जातं, ६५ वर निवेदिकेचा चेहरा पाण्यातून बघतोय असं वाटतं. जुने मराठी पिक्चर यूट्यूबवर ४८० रेषांत कुणीतरी चढवलेले असतात, त्यांचंही तेच. आईबाबांसाठी मोठा टीव्ही घेऊन दिल्यावर "आधीचाच बरा होता" असं ऐकावं लागतं त्यामागे बहुतेक वेळा हे कारण असतं. त्यांचे डोळे बिघडलेले नसतात.

ओटीटीवर दुसरा हिशेब. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातले दर कमी केले तेव्हा फुल एचडीचा प्लॅन ४९९ रुपये आणि फोर-केचा ६४९ रुपये झाला. महिन्याला दीडशेचा फरक, वर्षाला अठराशे. फोर-केला १५ एमबीपीएस वेग लागतो, फुल एचडीला पाच पुरतो. डेटाही तासाला सात जीबीपर्यंत जातो, फुल एचडीत तीनपर्यंत. घरी फायबर असेल तर प्रश्न नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बघणाऱ्यांनी विचार करावा.

आणि हे १५ एमबीपीएस म्हणजे दाबून दाबून बारीक केलेलं चित्र. फुल एचडी ब्लू-रे डिस्कवर चित्राला ४० एमबीपीएसपर्यंत जागा असते. म्हणून जुनी ब्लू-रे लावली की कधी कधी ती फोर-के स्ट्रीमिंगपेक्षा भरीव दिसते, विशेषतः धुक्यात, धुरात, रात्रीच्या आभाळात. स्ट्रीमिंगमध्ये त्या आभाळाच्या पायऱ्या पडलेल्या दिसतात. ठिपके कमी, तरी चित्र सरस.

शिवाय पिक्चर मुळात कशावर काढलाय? २०१० मध्ये आलेला आरी कंपनीचा अलेक्सा कॅमेरा जगभरच्या छायालेखकांनी डोक्यावर घेतला, तो २.८ के होता. नेटफ्लिक्सने स्वतःच्या निर्मितीसाठी फोर-के कॅमेऱ्याची अट घातली तेव्हा हा कॅमेरा त्या अटीत बसला नाही, तरी बाकी जग त्यावर पिक्चर काढतच राहिलं. कितीतरी पिक्चर शेवटी टू-केमध्ये, म्हणजे जवळजवळ फुल एचडीतच, पक्के होतात आणि मग ओटीटीसाठी फोर-केला ताणले जातात. उलट जुन्या ३५ मिमी फिल्मच्या निगेटिव्हमध्ये बारकावे भरपूर दडलेले असतात. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने फोर-केमध्ये दुरुस्त केलेला श्याम बेनेगलांचा "मंथन" मे २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला, तो १९७६ चा आहे. म्हणजे फोर-केचा खरा लाभ कधी कधी पन्नास वर्षं जुन्या पिक्चरला होतो आणि गेल्या वर्षीच्या नव्या कोऱ्या पिक्चरला होत नाही. दुकानातली चकचकीत फीत हे सांगत नाही.

काळोख आणि उजेड

पिक्चरच्या बाबतीत माझं वजन इथे आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

थिएटरमधल्या पडद्याचा उजेड किती असतो? डिजिटल सिनेमाचं प्रमाण ठरलेलं आहे : १४ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे टीव्हीचा उजेड ज्या मापात सांगतात त्यात सुमारे ४८ निट्स. तुमच्या घरचा स्वस्तातला टीव्हीही २५०-३०० निट्स देतो. बऱ्याच मल्टिप्लेक्समधला प्रोजेक्टर टू-के असतो, म्हणजे २०४८ गुणिले १०८०, फुल एचडीच्या नखभर वर. ठिपके घरच्या फोर-के टीव्हीपेक्षा कमी, उजेड घरच्या टीव्हीच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतका. तरी एम्प्रेस मॉलमध्ये जाऊन बघितलेला पिक्चर अंगावर येतो आणि घरी तोच निम्म्यात बंद करून आपण भाजी फोडणीला टाकायला उठतो. पडद्याचा आकार आहे, आवाज आहे, फोन खिशात ठेवावा लागतो हेही आहे. पण सगळ्यात आधी आहे तो हॉलमधला काळोख. काळं काळं दिसलं की ४८ निट्ससुद्धा लखलखीत वाटतात.

नागपुरात मे महिन्यात दुपारी दोन वाजता काळोख कुठून आणायचा? पारा पंचेचाळीसच्या पुढे. खिडकीत कूलर, त्याच्या चौकटीच्या फटीतून उन्हाची पट्टी सरळ समोरच्या भिंतीवर. अशा वेळी पडद्यावर रात्रीचा प्रसंग आला की नायकाच्या जागी आपलाच चेहरा, मागचा पंखा आणि खिडकीचा चौकोन दिसतो. एप्रिल २०१९ मध्ये "गेम ऑफ थ्रोन्स"चा रात्रीच्या लढाईचा भाग आला तेव्हा जगभर हीच ओरड झाली, काही दिसत नाही म्हणून. छायालेखक फेबियन वॅग्नर यांचं म्हणणं होतं की लोकांना टीव्ही नीट लावता येत नाही. लोकांना राग आला, पण त्यांचं निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं दाबलेल्या स्ट्रीमिंगचं आणि उजेडी खोल्यांचं.

म्हणून तुलना अशी करा. एलईडी टीव्हीत काचेमागे दिवे असतात आणि काळं दाखवायला पॅनेल ते दिवे अडवतं. आयपीएस पॅनेलमधून हजारातला एक भाग उजेड तरी गळतोच, व्हीए पॅनेलमधून तीन ते पाच हजारांतला एक. म्हणजे एकाच कंपनीचे, एकाच किमतीचे दोन टीव्ही. एकात काळी रात्र काळी दिसते, दुसऱ्यात राखाडी. खोक्यावर दोन्हींवर "फोर-के एचडीआर" लिहिलेलं. व्हीएची खोड अशी की बाजूने बसलेल्याला रंग उतरलेले दिसतात. दिवाणाशेजारी खुर्च्या टाकून सगळं कुटुंब कोपऱ्याकोपऱ्यातून बघत असेल तर हे लक्षात घ्या. दोघं-तिघं समोर बसणारे असाल तर डोळे मिटून व्हीए घ्या.

ओएलईडीत मागे दिवेच नसतात. प्रत्येक ठिपका आपापला पेटतो, काळं दाखवायचं तर विझतो. रात्री दिवे घालवून बघणाऱ्याला ओएलईडी दाखवा, तो परत एलईडीकडे वळणार नाही, आणि हे फुल एचडी-फोर-केच्या फरकासारखं नाही, बारा फुटांवरूनही कळतं. किंमत ५५ इंचांना साधारण लाखाच्या घरात. पण भर दुपारी, उघड्या खिडकीसमोर त्याचं कौतुक अर्ध्यावर येतं, कारण चांगले एलईडी त्याहून जास्त पेटतात. शिवाय ज्या घरात आजोबा सकाळी सहापासून बातम्या लावून बसतात आणि चॅनेलचा लोगो दिवसभर एकाच कोपऱ्यात जळत राहतो, तिथे त्या लोगोचा डाग कायमचा उमटण्याची भीती असते. अशा घरी मिनी-एलईडी बरा, ज्यात मागचे दिवे शेकडो तुकड्यांत वेगवेगळे मंद होतात.

एचडीआर, म्हणजे काळोख-उजेडातलं अंतर वाढवलेलं चित्र, त्याच्या चिकटपट्टीबद्दल एकच सांगतो. साधं चित्र १०० निट्सच्या हिशेबाने रंगवलेलं असतं, एचडीआर बहुधा हजारच्या. तीनशे निट्सच्या टीव्हीला ते दिलं की त्याला सगळं दाबून बसवावं लागतं आणि चित्र कधी कधी साध्यापेक्षा काळवंडलेलं दिसतं. तसं दिसलं तर सेटिंगमधून एचडीआर बंद करायला लाजू नका.

याच पैशातला सगळ्यात स्वस्त उपाय मात्र टीव्हीच्या दुकानात मिळत नाही. जाड, अस्तर लावलेला पडदा. दोन-तीन हजारांत हॉलच्या खिडक्या झाकल्या की जुनाच टीव्ही नवा वाटतो, आणि कूलरला हवा घ्यायला मागची जागा मोकळी ठेवली म्हणजे झालं.

पिक्चरमध्ये सेकंदाला किती चित्रं

बोलपट आले त्या काळापासून, म्हणजे १९२० च्या दशकाच्या शेवटापासून, पिक्चर सेकंदाला २४ चित्रांवर चालतो. डोळ्याला त्याची सवय झालीय. टीव्ही मात्र स्वतःच्या मनाने मधली चित्रं तयार करून घालतो आणि सगळं गुळगुळीत करतो, मग कोट्यवधींचा पिक्चर दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. डिसेंबर २०१२ मध्ये पीटर जॅक्सननी "द हॉबिट"चा पहिला भाग मुद्दाम ४८ वर काढला. चित्र जास्त साफ झालं, पण सेट सेटसारखे आणि दाढ्या चिकटवलेल्या दिसू लागल्या, अशी तक्रार पुष्कळांनी केली. म्हणजे दर्जा वाढला आणि मजा घटली. २०१८ मध्ये टॉम क्रूझने दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारीसोबत व्हिडिओ काढून लोकांना विनंती केली की हे मोशन स्मूदिंग बंद करा.

घरी करून बघा. सेटिंगमध्ये पिक्चर मोड "व्हिव्हिड" किंवा "स्टँडर्ड"वर असेल, तो "सिनेमा" किंवा "फिल्ममेकर"वर न्या. पहिल्यांदा सगळं पिवळट, मेल्यासारखं वाटेल. घरातलं कोणीतरी "हे काय करून ठेवलं" म्हणेल. पंधरा मिनिटं काही न बोलता बसा. मग परत व्हिव्हिडवर जाऊन बघा, चेहरे निळे आणि ओठ लिपस्टिक लावल्यासारखे दिसतील. तिथेच "शार्पनेस" नावाची पट्टी असते, ती खाली ओढा. पुरुषांच्या गालावरचे दाढीचे खुंट पांढऱ्या कडांनी कोरल्यासारखे दिसत होते ते थांबेल. त्या कडा पिक्चरमध्ये नव्हत्याच, टीव्हीने काढलेल्या होत्या. क्रिकेटला मात्र स्मूदिंग चालतं. जामठ्याची मॅच लावली की चेंडू नीट दिसतो, तेव्हा हवं तर चालू करा.

गेममध्ये सगळं उलटं

जे पिक्चरला लागू, ते गेमला लागू नाही. लोक इथे फसतात, कारण दुकानात टीव्ही दोन्हींसाठी म्हणून एकच विकला जातो.

पिक्चर २४ वर सुखाने चालतो, मग गेम ३० वर का अडखळतो? दोन कारणं. कॅमेऱ्याचं शटर साधारण सेकंदाच्या ४८ व्या भागाइतकं उघडं राहतं, त्यामुळे पळणारा माणूस प्रत्येक चित्रात थोडा पुसट येतो आणि एक चित्र दुसऱ्यात विरघळतं. गेममधलं प्रत्येक चित्र ठाक-ठीक कोरलेलं असतं, ती पुसट रेघ नसते, म्हणून तुटकपणा दिसतो. दुसरं कारण हाताचं आहे. ३० वर एक चित्र ३३ मिलिसेकंद टिकतं, ६० वर सोळा-सतरा, १२० वर आठ. बटण दाबल्यावर उत्तर मिळायला जो उशीर होतो तो याच पावलांनी मोजला जातो. पिक्चरला तुम्ही काही उत्तर मागत नाही.

माझ्या भाच्याच्या घरी कन्सोलवर एकच गेम "क्वालिटी" आणि "परफॉर्मन्स" अशा दोन्ही मोडवर लावून बघितला. क्वालिटीत चित्र फोर-केच्या जवळ, पाण्यात दिव्यांचं प्रतिबिंब, ओल्या रस्त्यावर निऑनचे पट्टे, पण ३० फ्रेम, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं. परफॉर्मन्समध्ये प्रतिबिंबं गायब, झाडांच्या कडा जरा मऊ, आणि ६० फ्रेम. मला सोफ्यावरून क्वालिटीच आवडला. भाच्याने गाडी एका वळणावर फिरवली आणि मोड बदलून टाकला. "मामा, तुम्ही नुसते पाहून राहिले म्हणून मस्त वाटते. माझा हात जड लागून राहिला." बघणाऱ्याची मजा आणि खेळणाऱ्याची मजा वेगळी, हे यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं.

तो एकटा नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पीएस फाइव्ह प्रो हा कन्सोल जाहीर करताना सोनीचे मार्क सर्नी यांनी सांगितलं की मोड निवडायची वेळ आली की खेळाडू सुमारे तीन चतुर्थांश वेळा परफॉर्मन्स निवडतात. त्याच्याही आधी, २००६ मध्ये, अमेरिकेतल्या वुस्टर पॉलिटेक्निकचे मार्क क्लेपूल आणि सहकाऱ्यांनी गोळीबाराच्या गेमवर प्रयोग केला होता. फ्रेम रेटचा खेळाडूच्या कामगिरीवर आणि मजेवर दोन्हींवर ठळक परिणाम झाला; ठिपक्यांचा कामगिरीवर जेमतेम आणि मजेवर थोडासा. तेव्हाचे ठिपके आजच्या मानाने फारच कमी होते, तरी मजेचा कल तोच निघाला. आणि मोबाइलवर बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम खेळणाऱ्या पोरांना हे कोणी शिकवावं लागलं नाही. ग्राफिक्स "स्मूद", म्हणजे अगदी साधं, आणि फ्रेम रेट "एक्स्ट्रीम", ही जोडी धरमपेठच्या कट्ट्यावरचा कोणताही मुलगा सांगेल.

टीव्हीवर गेम खेळणार असाल तर ठिपक्यांच्या आधी "गेम मोड" बघा. साध्या मोडमध्ये टीव्ही चित्रावर इतके संस्कार करतो की बटण आणि पडदा यांच्यात शंभर मिलिसेकंदांच्या आसपास उशीर होतो. गेम मोडमध्ये तो दहा-वीसवर येतो. यासाठी एक पैसाही पडत नाही, फक्त मेनूत शोधावं लागतं. फोर-केवर १२० फ्रेम हव्या असतील तर एचडीएमआय २.१ लागतं. पण तुमच्या कन्सोलवर किंवा कॉम्प्युटरवर तेवढ्या फ्रेम देणारे गेमच तुम्ही खेळत नसाल तर ते पोर्ट शोभेचं.

फोर-के गेमिंगचा आणखी एक खर्च नागपूरकरांनी मोजायलाच हवा, तो उन्हाचा. ठिपके चौपट झाले की ग्राफिक्स कार्डाचं काम जवळजवळ तेवढंच वाढतं आणि ते सगळं उष्णता होऊन खोलीत येतं. खेळताना पीएस फाइव्ह सुमारे २०० वॅट खातो. आरटीएक्स ४०९० हे कार्ड एकटंच ४५० वॅटपर्यंत जातं. मे महिन्यात बंद खोलीत हे चालवणं म्हणजे एसीच्या समोर हीटर लावणं. फोनचं त्याहून वाईट : तापला की तो स्वतःच वेग कमी करतो, नव्वद फ्रेमचा फोन ऐन चकमकीत चाळिसावर येतो आणि आपण नेटवर्कला शिव्या घालतो. मे-जूनमध्ये फ्रेम साठावर बांधून टाका, ग्राफिक्स एक पायरी खाली आणा. कडेलोट होण्यापेक्षा सलग साठ बरे.

ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाचं डीएलएसएस आणि २०२१ मध्ये आलेलं एएमडीचं एफएसआर ही तंत्रं याच अडचणीवरचा उपाय आहेत. गेम कमी ठिपक्यांत काढायचा आणि मग हिशेबाने भरून मोठा करायचा. चांगलं जमलं तर दिवाणावरून खऱ्या फोर-केतला फरक ओळखता येत नाही.

ठिपक्यांची बाजू अगदीच पडती आहे असं नाही. टेबलावरचा मॉनिटर दोन फुटांवर असतो, तिथे २७ इंचांवर फुल एचडीचे चौकोन उघड दिसतात. दूरचा शत्रू चार ठिपक्यांचा होतो. तिथे १४४० रेषांचा मॉनिटर घेतला की पैसे वसूल. आणि हळू चालणारे, भटकायचे, गोष्ट सांगणारे गेम असतात, त्यांत ३० फ्रेम आणि सुंदर उजेड मी आनंदाने घेतो. उलट माइनक्राफ्टच्या ३० कोटींहून जास्त प्रती खपल्या, हे ऑक्टोबर २०२३ मध्येच जाहीर झालंय, आणि त्यात सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं आहे.

मन लागलं की

२०१० मध्ये ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातले फिलिप कॉर्टम यांनी शंभर जणांना पिक्चरचे १८० तुकडे वेगवेगळ्या दर्जांत दाखवून चित्राला गुण द्यायला सांगितले. ज्यांना आतली गोष्ट आवडली त्यांनी त्याच चित्राला जास्त गुण दिले. म्हणजे पिक्चर आवडला की चित्रातली खोट दिसेनाशी होते. आपल्याला हे ठाऊकच आहे, एसटीच्या टीव्हीवर अर्ध्या रेषा उडालेल्या असताना सुद्धा अख्खी गाडी हसलेली आपण बघितलीय. कंटाळवाण्या पिक्चरमध्येच माणूस पडद्याचे कोपरे बघायला लागतो.

आवाजाला मात्र ही सवलत नसते. संवाद ऐकू आला नाही की पहिल्या मिनिटात चीड येते. एप्रिल ते जून या शहरात घरोघरी डेझर्ट कूलर घोंघावतो आणि पातळ टीव्हीचे स्पीकर मागच्या भिंतीकडे तोंड करून पुटपुटतात. आपण आवाज वाढवतो, मग गाणं लागलं की शेजारची काकू खिडकी लावते. दहा-बारा हजारांचा, संवादासाठी मधला स्पीकर असलेला साउंडबार इथे जे करतो ते ४३ वरून ५५ ला जाऊनही होत नाही. माझ्या यादीत तो नव्या टीव्हीच्या वर आहे.

मग घ्यायचं काय

४३ इंची फुल एचडी घरात चालू आहे, बसायची जागा आठ फुटांवर, जास्त करून चॅनेल आणि यूट्यूब : बदलू नका. पडदे आणि साउंडबार घ्या, ओटीटीचा ४९९ चाच प्लॅन ठेवा.

नवीनच घ्यायचाय, चाळीस ते साठ हजार आहेत, पिक्चरही बघायचे आणि पोरांना गेमही : ५५ इंची फोर-के, व्हीए पॅनेल, गेम मोडचा उशीर कमी असलेला. ६५ इंचांचा स्वस्तातला मोह टाळा. त्याच पैशात त्यांनी पॅनेलमध्ये काटछाट केलेली असते. दुकानात पेनड्राइव्हवर स्वतःचा एक अंधारा प्रसंग घेऊन जा आणि सिनेमा मोडवर लावायला सांगा. वरची-खालची काळी पट्टी राखाडी दिसली तर दुसरा बघा.

लाखाच्या पुढे जायची तयारी, बघणं रात्रीचं, घरात दिवसभर बातम्या चालत नाहीत : ओएलईडी. यात मला शंका नाही. दुपारचं बघणं जास्त असेल तर मिनी-एलईडी.

फक्त गेमच खेळायचे असतील तर टीव्हीचा नादच सोडा. २७ इंची, १४४० रेषांचा, १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा, मॉनिटर घ्या, तो चांगल्या टीव्हीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डाला आणि कॅबिनेटच्या पंख्यांना लावा, कॅबिनेट कूलरच्या ओल्या झोतापासून बाजूला ठेवा, आणि खरेदी शक्यतो होळीच्या आधी उरका, म्हणजे पहिल्या उन्हाळ्यात कार्ड किती तापतं ते वॉरंटीच्या मुदतीत तरी कळेल.